ठेवण

उजव्या हाताची तर्जनी नाकाखाली टेकवा. दाबू नका. वरच्या ओठाच्या मधोमध एक उथळ खळगी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दोन बारीक उंचवटे नाकापासून ओठापर्यंत उतरतात. बोट सावकाश एका उंचवट्यावरून खाली न्या. त्वचा संपून ओठाची लाली सुरू होते तिथे कड किंचित वर उचललेली लागेल. खळगीत ती खाली येते, पलीकडच्या उंचवट्यापाशी पुन्हा चढते. आता तोंड मिटलेलंच ठेवून जिभेचं टोक टाळूला लावा आणि दातांमागून घशाकडे न्या. मधोमध एक रेघ जाणवते. काहींना ठळक, काहींना पुसट.

आज एवढ्याच जागेपाशी बसायचं आहे. घाई नाही.

हा चेहरा सुरुवातीपासून एकसंध नव्हता. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा तोंडाच्या जागी नुसता एक खोलगा असतो आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे: एक कपाळाकडून उतरणारा, दोन वरच्या जबड्याचे, दोन खालच्या जबड्याचे. कपाळाकडच्या उंचवट्यात नाकपुड्यांच्या कडा घडतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात त्यांतल्या आतल्या कडा आणि बाजूंनी आलेले जबड्याचे उंचवटे एकमेकांना मिळतात आणि वरचा ओठ तयार होतो. सगळा गर्भ तेव्हा जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचा. टाळूची पाळी नंतर येते. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन अंगांना उभे लोंबत असतात. मग जीभ खाली सरकते, पडदे आडवे होतात, एकमेकांकडे वाढत जातात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत जुळतात. जिभेला लागलेली रेघ ही त्या जुळण्याची जागा.

बोट अजून तिथेच असेल तर राहू द्या. तुम्हाला काही आठवत नाही, तुमच्या आईलाही त्या दिवशी काही जाणवलं नाही. झालं ते तिच्या नकळत झालं.

जगात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत हे मिळणं कुठेतरी अर्धवट राहतं. कधी ओठावर नुसती खाच राहते, कधी ओठापासून हिरडी आणि टाळूपर्यंत सगळंच दुभंगतं. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त वेळा दुभंगते. ओठाचा दुभंग मुलग्यांत अधिक, नुसत्या टाळूचा मुलींत अधिक. कारणांत अनेक जनुकं आहेत, अपस्मारावरची काही औषधं आहेत, धूम्रपान आहे, आणि बरंचसं असं आहे की जे कुणा एकाच्या हातात नसतं.

आपल्याकडे मात्र कारण आधीच ठरलेलं असतं. ग्रहण पाळलं नव्हतंस का? विळीवर बसली होतीस का? विचारणारी बहुधा घरातलीच मोठी बाई असते, आणि आई आठवू लागते, आणि आठवायला गेलं की काहीतरी सापडतंच. सातव्या आठवड्यात जुळून गेलेल्या ओठाचं पाचव्या महिन्यातलं ग्रहण काय वाकडं करणार? आणि ते सहाव्या आठवड्यात आलं असतं तरी चंद्राच्या सावलीला गर्भाशयातल्या पेशींशी देणंघेणं नाही. अशा बाळाच्या आईला हे वाक्य ऐकवणाऱ्या माणसाबद्दल मला शांतपणे मनन करता येत नाही, म्हणून इथून पुढे जाऊ.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. राल्फ मिलार्ड या अमेरिकी शल्यविशारदाने 1955 साली स्टॉकहोमच्या परिषदेत एक पद्धत मांडली. तिच्या सुधारलेल्या रूपांवर आजही जगभरच्या शस्त्रक्रिया उभ्या आहेत. ओठाची एक बाजू फिरवून खाली आणायची, दुसरी पुढे सरकवून मोकळ्या झालेल्या जागेत बसवायची, आणि टाके असे घालायचे की व्रण त्या उंचवट्याच्या रेषेवरच पडावा. बोटाखाली आहे तोच उंचवटा. निसर्गाने जिथे कड ठेवली आहे तिथे शल्यविशारद आपली खूण लपवतो.

टाळू शिवतात साधारण वर्षाच्या आसपास. ती उघडी असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही. चोखायला तोंडात पोकळी बंद व्हावी लागते आणि इथे वरचा मजला नाकात उघडतो. मग उभं धरून वाटी-चमच्याने पाजणं, नाकातून परत आलेलं दूध पुसणं, पुन्हा पाजणं. पुढे बोलण्याचा प्रश्न. एकदा हळूच ‘प’ म्हणून पाहा, मग ‘ट’, मग ‘क’. प्रत्येक वेळी हवा क्षणभर कोंडली जाते आणि सुटते. टाळू नीट मिटत नसेल तर ती हवा नाकावाटे निसटते. ‘म’ आणि ‘न’ तेवढे शाबूत राहतात, कारण त्यांचा रस्ता नाकातूनच जातो. वर्गातली मुलं अशा आवाजाला गेंगाणा म्हणून मोकळी होतात.

म्हणजे टाळू लवकर शिवावी. इथपर्यंत सगळं सरळ आहे, आणि इथेच थोडं जास्त थांबायला हवं.

1980 च्या दशकात लंडनचे ऑर्थोडॉन्टिस्ट मायकेल मार्स आणि त्यांचे सहकारी श्रीलंकेत गेले. तिथे त्यांना अशी मोठी माणसं भेटली की ज्यांच्या दुभंगावर लहानपणी शस्त्रक्रिया झालीच नव्हती. खाणं आणि बोलणं दोन्ही कठीण, सगळा जन्म तसाच गेलेला. पण त्यांचे जबडे मोजले तेव्हा दिसलं की वरच्या जबड्याची वाढ जवळपास नेहमीसारखी झाली होती. उलट, लहानपणी वेळेवर आणि नीट शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी कित्येकांचा चेहऱ्याचा मधला भाग वयात येता येता मागे राहतो. नाकाच्या दोन्ही अंगांचे गाल सपाट दिसतात, खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. घट्ट घातलेल्या शिवणीने कापड आवळून धरावं तसा टाळूवरचा व्रण वाढत्या हाडाला धरून ठेवतो. ज्या हाताने बोलणं दिलं त्याच हाताने वाढ थोडी अडवली, असं हे प्रकरण आहे. यात कुणाची चूक शोधू नका. दोन गोष्टी हव्या आहेत आणि दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत, एवढंच मनात धरा.

2023 साली एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतली 558 बाळं, नुसती टाळू दुभंगलेली. निम्म्यांची टाळू सहाव्या महिन्यात शिवायची, निम्म्यांची बाराव्या. मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासलं तर टाळू नीट न मिटण्याचं प्रमाण पहिल्या गटात 8.9 टक्के होतं आणि दुसऱ्यात 15 टक्के. आवाजाच्या बाजूने कौल स्पष्ट आहे. चेहऱ्याच्या वाढीचा हिशेब मात्र सतराव्या-अठराव्या वर्षाशिवाय लागत नाही. तोपर्यंत पाहत राहावं लागतं, आणि पाहायचं म्हणजे काय पाहायचं, हा प्रश्न उरतो.

शल्यविशारदाची नजर दीर्घकाळ हीच मोजपट्टी होती. आपल्या हातच्या कामाकडे माणूस कोणत्या नजरेने पाहतो हे सांगायला नको. म्हणून मग दातांचे साचे घेऊन ते पाच पायऱ्यांवर लावण्याची रीत आली. नाक आणि वरचा ओठ तेवढा दिसेल असे कापलेले फोटो अनोळखी परीक्षकांपुढे ठेवून त्यांनाही पाच श्रेणी द्यायला सांगू लागले. ब्रिटनमध्ये 57 ठिकाणी या शस्त्रक्रिया होत असत. 1998 च्या एका राष्ट्रीय अहवालाने तिथल्या मुलांचे साचे, बोलणं आणि चेहरे तपासले, आणि युरोपातल्या चांगल्या केंद्रांच्या तुलनेत निकाल फारच कमी प्रतीचे निघाले. त्यानंतर उपचार मोजक्या केंद्रांत एकवटले. वर्षाकाठी थोडीच मुलं हाताखालून जाणाऱ्या डॉक्टरला आपलं कुठे चुकतं हे कळणार तरी कसं? मोजल्यावर ते कळलं. मोजण्याबद्दल पुढे मी काही शंका काढणार आहे, तेव्हा हे उपकार आधीच नोंदवून ठेवतो.

आता मोजण्याच्या आणखी एका रीतीकडे, त्रिमितीय छायाचित्राकडे वळू. दोन-तीन बाजूंनी कॅमेरे लावलेले असतात. मूल लहान असेल तर आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसतं. केस कपाळावरून मागे, चष्मा काढलेला, दात हलके मिटलेले, ओठ सैल. सगळे कॅमेरे एकाच वेळी टिपतात, काही मिलिसेकंदांत, कारण मूल त्याहून जास्त वेळ स्थिर बसत नाही. एकच बिंदू दोन जागांवरून कसा दिसला यावरून त्याची खोली काढता येते. आपले दोन डोळेही हेच करतात. हजारो बिंदूंचं हे गणित झालं की पडद्यावर चेहऱ्याचा पृष्ठभाग उभा राहतो, मिलिमीटरच्या अंशापर्यंत खरा. क्ष-किरण नाहीत, स्पर्शही नाही, त्यामुळे हीच तपासणी वर्षांमागून वर्षं करता येते. अर्थात हाड यात दिसत नाही, दिसते ती कातडी.

या पृष्ठभागावर खुणा करतात: डोळ्यांचे आतले-बाहेरचे कोपरे, नाकाचं टोक, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, आणि अर्थातच त्या खळगीच्या दोन कडा. चेहरा अशा खुणांनी मोजण्याची शिस्त टोरांटोच्या लेस्ली फरकस यांनी घालून दिली. त्यांच्या हातात मात्र पट्टी आणि कंपास होते.

आता डोळे मिटा. रोज पाहता असा कुणाचा तरी चेहरा समोर आणा. तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या. माणूस तोच राहिला ना? मग जागा वजा करा. तो चेहरा थोडा डावीकडे वळवा, थोडा खाली झुकवा. तरी तोच. मग वळणही वजा करा. आता तो लहान करा, पाकिटातल्या फोटोएवढा. अजूनही ओळखता येतो. आकारमानही वजा करा. एवढं काढून घेतल्यावर जे उरतं, त्याला डेव्हिड केंडल या ब्रिटिश गणितज्ञाने 1970 च्या दशकात आकार म्हटलं. तीच व्याख्या आजही या शास्त्राच्या पायाशी आहे. आपण त्यालाच चेहऱ्याची ठेवण म्हणतो. आजीची ठेवण नातीत आली असं म्हणतो तेव्हा आपण ही तीन वजाबाक्या मनातल्या मनात केलेल्याच असतात.

या गणिताची एक खोड मला फार विचार करायला लावते. दोन चेहरे एकमेकांवर बसवताना गणित एकूण चूक कमीत कमी करू पाहतं. समजा, फरक फक्त नाकाच्या टोकाशी आहे. तर ते सगळा चेहरा जरासा सरकवतं आणि नाकाचा फरक थोडा कपाळाला, थोडा हनुवटीला, थोडा डोळ्यांना वाटून टाकतं. अभ्यासक याला पिनोकिओ परिणाम म्हणतात. एका जागचा फरक सगळ्या चेहऱ्याच्या माथी. म्हणून दुभंगाच्या मुलांचे चेहरे जुळवताना बरेच जण कपाळ आणि डोळ्यांचा भाग आधार धरतात, कारण तिथे ना दुभंग पोचला ना सुरी. आपण माणसांकडे पाहतो तेव्हाही अशीच वाटणी करतो का? ओठावर व्रण दिसला की त्या मुलाची हुशारी, स्वभाव, लग्नाची शक्यता या सगळ्यांत तो थोडा थोडा मिसळून टाकतो का? उत्तर लगेच देऊ नका.

चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या आहेत का, हे पाहायचं तर संगणक त्याचं आरशातलं प्रतिबिंब तयार करतो आणि मूळ चेहऱ्यावर बसवतो. जिथे दोन्ही जुळतात तिथे बहुधा हिरवा रंग, पुढे-मागे असेल तिथे लाल किंवा निळा. एका बाजूचा दुभंग शिवलेल्या मुलांत हे रंग नाक आणि वरच्या ओठाभोवती गडद होतात. नाक हट्टी असतं. दुभंगाच्या बाजूची नाकपुडी पसरट आणि खाली बसलेली, मधला खांब दुसऱ्या बाजूला ओढलेला. ओठ छान जमला तरी नाक वर्षानुवर्षं आपली गोष्ट सांगत राहतं. आणखी एक पेच असा की आरसा ठेवायचा तर मध्यरेषा हवी, आणि या चेहऱ्यात मध्यच सरकलेला आहे.

आता आपल्या चेहऱ्याकडे या. आरशासमोर जाल तेव्हा एक भुवई दुसरीहून वर आहे का पाहा. एक डोळा जरा अरुंद असेल, ओठांचा एक कोपरा खाली. कुणाचाही चेहरा त्याच्या प्रतिबिंबावर ठेवला तर कुठे ना कुठे रंग उमटतोच.

हे आपल्या माणसाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी मोजलं होतं. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता मानवी कवटीची स्वाभाविक असममिती. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे एक मोठे पुरस्कर्ते. युरोपीयांच्या कवट्यांमधला डाव्या-उजव्याचा फरक इतरांहून वेगळा आहे आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि या असममितीचा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्याच मताविरुद्ध. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या बाईंची आपल्याला ओळख आहे. कंपास हातात घेऊन कवट्यांसमोर बसलेल्या या तरुण मुलीची असायला हवी तेवढी नाही.

तर डाव्या-उजव्यात फरक असणं ही माणसाची रीत आहे. दुभंगाच्या मुलाचा फरक मोठा, आणि तो शस्त्रक्रियेने कमी करता येतो का हे विचारणं रास्त. पण कमी करत करत कुठवर जायचं? शून्यावर तर कुणीच नाही.

यापुढची पायरी म्हणजे सरासरी चेहरा. शेकडो मुलांचे चेहरे एकमेकांवर बसवून त्यांचा मध्य काढतात आणि रुग्णाचा चेहरा त्याच्याशी ताडून पाहतात. असा मध्य पडद्यावर पाहिला तर तो गुळगुळीत, नितळ, विलक्षण सौम्य वाटतो. त्याला तीळ नसतो, देवीचा वण नसतो, आणि तो कधी कुठे जन्मलेला नसतो. शिवाय मध्य कुणाचा, हे विचारलंच पाहिजे. अमेरिकेत तयार झालेला त्रिमितीय चेहऱ्यांचा एक प्रसिद्ध संग्रह 2,454 जणांचा आहे, आणि ते सगळे युरोपीय वंशाचे. त्यांच्या सरासरीवर नंदुरबारच्या मुलीचं नाक ठेवलं तर लाल-निळे रंग उमटतीलच, आणि त्यांतला कोणता रंग दुभंगाचा आणि कोणता तिच्या पणजीचा, हे संगणक आपणहून सांगणार नाही. तुलना तिच्याच भागातल्या, तिच्याच वयाच्या मुलींशी व्हायला हवी. त्याहून चांगली तुलना म्हणजे तिचीच तिच्याशी, शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची, पाचव्या वर्षीची आणि पंधराव्या.

अंतर कसं मोजावं यावर एक शहाणा विचार कोलकात्यातून आलेला आहे. माणसांच्या शरीराची मापं घेता घेता प्रशांतचंद्र महालनोबिस या प्रश्नाकडे वळले, आणि 1936 साली त्यांनी अंतराची जी रीत मांडली ती आज त्यांच्याच नावाने जगभर वापरतात. माणसं ज्या बाबतीत एकमेकांपासून मुळातच खूप वेगळी असतात, तिथला फरक कमी धरायचा. जिथे सगळी साधारण सारखी असतात, तिथला फरक जास्त धरायचा. नाकाच्या लांबीत दोन मिलिमीटर इकडेतिकडे हे काहीच नाही. ओठाच्या कडेला दोन मिलिमीटरची पायरी राहिली तर ती बोलणाऱ्याच्या आधी दिसते.

आणि तरीही, सैल ओठांनी, मिटल्या दातांनी टिपलेला चेहरा हा कुणाचा रोजचा चेहरा नसतो. एकदा हसा. खरं हसू येत नसेल तर नुसते गाल वर घ्या. त्या खळगीचं काय झालं? ती पसरली, जवळजवळ नाहीशी झाली. दुभंग शिवलेल्या ओठात स्नायूंची मांडणी बदललेली असते, त्यामुळे हसताना दोन बाजू वेगवेगळ्या चालतात आणि स्थिर चित्रात न दिसलेला फरक वर येतो. आता हलत्या चेहऱ्याचंही त्रिमितीय चित्रण करतात. ते व्हायलाच हवं होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कॅमेऱ्याला सापडत नाही. दिसण्यातल्या वेगळेपणाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना वारंवार हेच आढळलं आहे की व्रण किती मोठा यावरून माणूस किती दुःखी हे ठरत नाही. मोठा दुभंग घेऊन आलेलं मूल वर्गात पुढच्या बाकावर बसून हात वर करतं. केसाएवढी रेघ राहिलेली मुलगी फोटोत ओढणी तोंडावर घेते. म्हणून पुढची शस्त्रक्रिया करायची का, हा प्रश्न रंगीत नकाशाला विचारण्याआधी त्या मुलीला विचारावा, आणि तिचं उत्तर ‘नको’ असेल तर तेही उत्तर मानावं. माझं मत विचाराल तर या सगळ्या मोजमापाचा खरा उपयोग डॉक्टरांच्या कामाचा हिशेब घ्यायला आहे. मुलाच्या चेहऱ्याला गुण द्यायला त्याचा वापर करू नये.

बोट खाली घ्या. श्वास घ्या, सोडा.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात असं बाळ जन्मलं तर आईला ग्रहणाबद्दल विचारू नका. ते दूध कसं पितं हे विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, दुभंगलेले ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहेत, आणि उपचार मोफत मिळतात. आशाताईंना, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. ओठ शिवायला तीन महिने थांबावं लागेल, पण पाजायचं कसं हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शिकवायला हवं.